केदारची नोंद

बाल्टिमोर, ११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप नानाआजोबा यांना अवंतिकाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी केदारची मुलगी. बाबा तुम्हाला नाना म्हणायचे, म्हणून मी नानाआजोबा लिहिलं. चालत नसेल तर सांगा.

आधी वाईट बातमी सांगते. बाबा २१ नोव्हेंबरला गेले. शाळेत गणित शिकवत असताना हृदयविकाराचा झटका आला. पंचावन्न वर्षांचे होते. तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं, पण तुमचा पत्ता आमच्याकडे नव्हता. परवा त्यांच्या टेबलाच्या खणात एक छापील फॉर्म सापडला, 'दप्तरनीस कुलवृत्तांत: माहितीपत्रक'. खाली संपादक म्हणून तुमचं नाव आणि दौलतगंजचा पत्ता आहे. बाबांनी फॉर्म पूर्ण भरलाय, सही केलीय, तारीख मागच्या जूनची आहे. पोस्टात मात्र टाकला नाही. का, ते मला माहीत नाही. मी तो सोबत पाठवते आहे.

कुलवृत्तांत म्हणजे काय ते बाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. घराण्यातल्या सगळ्या पिढ्यांची नावं एका पुस्तकात. लहान बाळाचंसुद्धा.

माझी आई नेओमी. ती काळी आहे, इथलीच, अमेरिकन. मीही काळीच. इथे सगळे मला तसंच म्हणतात आणि मीही म्हणते. हे आधीच लिहिते, कारण तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे.

२००४ च्या डिसेंबरात आम्ही ग्वाल्हेरला आलो होतो. मी चार वर्षांची होते. बाबा मला घेऊन दोन संध्याकाळी फूलबागेत बसले होते. तुम्ही येणार होता, असं म्हणाले. बहुतेक त्यांचं पत्र तुम्हाला पोचलं नसेल.

माझं मराठी बाबांचं आहे, त्यात हिंदी मिसळते. चुका दिसतील.

अवंतिका


दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
९ मार्च २०२४

कु. अवंतिका केदार दप्तरनीस हिस,

तुझे पत्र व माहितीपत्रक पोचले. केदारच्या निधनाच्या वार्तेने आम्हा सर्वांस अतिशय दुःख झाले. २००४ सालचे पत्र मिळाल्याचे स्मरत नाही.

फोन करू नये. माझे दोन्ही कान गेले आहेत आणि मोबाईलवरची अक्षरे दिसत नाहीत. पत्रव्यवहार करावा.

माहितीपत्रकाबाबत. रकाना सात, 'पत्नीचे माहेरचे आडनाव', यात केदारने 'व्हिटफील्ड, पण ते त्यांचे नव्हे' असे लिहिले आहे. रकाना आठ, 'माहेरचे मूळ गाव', यात 'नोंद ठेवू दिली नाही' असे आहे. रकाना नऊ, 'कुलदैवत', रिकामा आहे. अपूर्ण पत्रके स्वीकारू नयेत असे समितीचे अध्यक्ष श्री. गुरुप्रसाद यांचे धोरण आहे. खुलासा करावा.

भालचंद्र दप्तरनीस
संपादक

ता. क. वर्गात शिकवताना, असे तू लिहिलेस. त्याला फार त्रास झाला का, एवढे कळव.


बाल्टिमोर, २ एप्रिल २०२४

नानाआजोबा, नमस्कार.

नाही, त्रास झाला नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. फळ्यावर अर्धं गणित तसंच राहिलं होतं. मुलांनी ते दोन आठवडे पुसू दिलं नाही.

आता खुलासा. व्हिटफील्ड हे आईच्या खापरपणजोबांच्या मालकाचं आडनाव. मालक म्हणजे घरमालक नाही, माणसांचा मालक. गुलामगिरी संपल्यावर पुष्कळांनी मालकाचंच आडनाव लावलं, दुसरं काही हाताशी नव्हतं. १८७० च्या जनगणनेत खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा दिसतं: आयझॅक व्हिटफील्ड, वय अंदाजे चाळीस, जन्म व्हर्जिनिया. त्याच्या दहा वर्षं आधीची सरकारी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव आहे आणि त्याच्याखाली नुसती माणसं. वय, बाई की पुरुष, रंग. नावं नाहीत. त्यातला तीस वर्षांचा एक पुरुष म्हणजे आयझॅक असेल. तिशीचे तिघं आहेत. आई शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि वीस वर्षं त्या तिघांतला आपला कोण हे शोधते आहे. आता सापडायचं नाही, हे तिलाही कळतं.

म्हणून आठव्या रकान्यात बाबांनी तसं लिहिलं. ते रागाने लिहिलेलं नाही, ते खरंच उत्तर आहे.

मला तुमच्या पुस्तकात का यायचं आहे, तेही सांगते. बाबा म्हणायचे, आपल्या घरात चौदा पिढ्यांची नावं आहेत. मला एकच नोंद हवी आहे. केदार, त्याची बायको नेओमी, त्यांची मुलगी अवंतिका. आईच्या बाजूला आमच्या माणसांना कोणी लिहून ठेवलं नाही. बाबांच्या बाजूला लिहिणारा माणूस जिवंत आहे, आणि ते तुम्ही आहात. एवढंच मागणं आहे. ग्वाल्हेरला येऊन मी तुमच्या दारात उभी राहणार नाही, घाबरू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण मी एका प्रयोगशाळेत काम करते. हजारो वर्षं जुन्या हाडांतून ते माणूस कोणाचं होतं, हे आम्ही काढतो. बाबांना याचं हसू यायचं. म्हणायचे, अखेर दप्तरनीसच झालीस, फक्त दप्तर जरा जुनं निवडलंस.

अवंतिका


दौलतगंज, २८ एप्रिल २०२४

चि. अवंतिका,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन हिंडतो आहे. पद्मा, म्हणजे माझी बायको, तुझी चुलत आजी, आज म्हणाली, "एक तर उत्तर लिहा, नाही तर शर्ट धुवायला टाका."

पोरी, मी तुला खोटं लिहिलं. २००४ चं पत्र मला मिळालं होतं. तुझा आजोबा, माझा थोरला भाऊ, केदार सहा वर्षांचा असताना गेला आणि त्याची आई दोन वर्षांत गेली. केदारला मी वाढवला. त्याची मुंज मी लावली, त्याला सायकल मी शिकवली, दाढी कशी करायची तेही. त्याने लग्नाचा फोटो पाठवला तेव्हा मी तो एक अक्षर न लिहिता परत पाठवला. त्यानंतर सात वर्षांनी त्याचं पत्र आलं, की मुलीला घेऊन येतोय, घरी येणार नाही, तुम्हीच फूलबागेत या.

मी आलो होतो. दुसऱ्या संध्याकाळी. रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तू बाकाच्या पाठीवर चढून बसली होतीस आणि तो तुझे पाय धरून उभा होता. मी अर्धा तास तरी उभा असेन. मग माधवगंजचे ओळखीचे दोघं समोरून आले, मला म्हणाले, "नाना, इकडे कुठे?" मी म्हणालो, "सहज." आणि त्यांच्याबरोबर परत आलो. एवढंच झालं. कोणी मला अडवलं नव्हतं, कोणी धमकी दिली नव्हती. वीस वर्षं मी स्वतःशी याचं कारण शोधतो आहे आणि 'सहज' याहून चांगलं सापडत नाही.

फॉर्मही मीच पाठवला होता. सोबत दोन ओळी लिहायच्या होत्या. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, पण त्या दोन ओळी मला सुचल्या नाहीत. कोरा फॉर्म आला म्हणून त्याने टाकला नसेल. मला तेच वाटतं.

आता माझं काम मी करणार. तुमची नोंद पुस्तकात जाईल, हा माझा शब्द. माझी एक विनंती आहे. पुस्तकाचं पहिलं प्रकरण 'मूळ' या विषयावर आहे. गोत्र, प्रवर, कोकणातून वर कसे आलो, शिंद्यांच्या दप्तरात कसे लागलो, वगैरे. त्याच्याही आधीचं तू लिही. तुझ्या हाडांचं. दोन पानं, सोप्या मराठीत. चुका मी काढीन.

तुझा
नाना


बाल्टिमोर, ३० मे २०२४

प्रिय नानाआजोबा,

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग तुमच्यावर खूप रागावले. दोन्ही अजून संपलेलं नाही. पण खरं लिहिलंत, म्हणून लेख पाठवते आहे.

लेखात मी एका मुलीबद्दल लिहिलं आहे. सायबेरियातल्या एका गुहेत जनावरांच्या हजारो हाडांच्या तुकड्यांत तिच्या हाडाचा एक तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. नव्वद हजार वर्षांपूर्वीचा. तपासलं तर आई निएंडरथल आणि बाप डेनिसोव्हन. म्हणजे दोन वेगळ्या जातींची माणसं, आपल्याहूनही वेगळी. आणि ही त्यांची पोर. असं थेट पहिल्या पिढीचं मूल कधी सापडेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. ती मेली तेव्हा निदान तेरा वर्षांची होती. म्हणजे तेरा वर्षं तिला कोणीतरी जेवू घातलं, थंडीत जवळ घेतलं. ती कोणाच्या लोकांत राहत होती, आईच्या की बापाच्या, ते हाडावरून कळत नाही. मला रोज तेच कळून घ्यावंसं वाटतं.

आपली माणसं आफ्रिकेतून बाहेर पडली तेव्हा त्यांनाही वाटेत निएंडरथल भेटले, आणि मुलं झाली. म्हणून आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात आजही साधारण दोन टक्के ते आहेत. तुमच्यातही. माझ्यात त्याहून कमी निघतात आणि त्यातले बहुतेक बाबांकडून आलेले. बाबांकडून मला मिळालेली सगळ्यात जुनी वस्तू ती आहे.

एक गोष्ट मी लेखात घातलेली नाही, फक्त तुम्हाला लिहिते. लोक मला विचारतात, ती दोन जातींची माणसं प्रेमाने जवळ आली असतील की जबरदस्तीने? हाड ते सांगत नाही. पण आईच्या डीएनए चाचणीत सोळा टक्के युरोप निघाला, आणि तिच्या घराण्यात कोणी गोऱ्याशी लग्न केलेलं नाही. तो सोळा टक्के कसा आला ते आम्हाला माहीत आहे. ते कुठल्या यादीत लिहिलेलं नाही. आई तो कागद बघून उठली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

अवंतिका


दौलतगंज, ६ जुलै २०२४

चि. अवंतिका,

तुझा लेख समितीच्या बैठकीत मी उभा राहून वाचला. ऐकू येत नसल्याचा एक फायदा, मधे कोणी बोललं तरी माझं वाचन थांबत नाही. सगळे खूश. गुरुप्रसाद टेबलावर हात आपटून काय बोलला ते मी शेजाऱ्याकडून लिहून घेतलं. "भालू, ये तो कमाल है! म्हणजे आपल्यात दोन टक्के ते लोक, आणि आफ्रिकेत नाहीच? मग? मी तर पहिल्यापासून म्हणतोय, आपलं खानदानच अलग आहे!"

मी त्याला समजावलं, पण तो आनंदात होता. लेख तुझ्या नावाने छापायचा ठरला आहे. त्यासाठी मी भांडलो. तुझ्या नोंदीचंही मी बघतो आहे. जरा नाजूक आहे. गुरुप्रसादच्या नातीचं लग्न ठरतंय आणि मुलाकडचे लोक सगळ्यात आधी कुलवृत्तांत उघडून बसतात. पण तू काळजी करू नकोस, मी मार्ग काढतो. तुझा एक फोटो पाठव. प्रत्येक नोंदीला फोटो आहे.

लेखात 'ती पोर' असं एकदा लिहिलंस, ते मी बदललं नाही. व्याकरणाने बरोबर आहे आणि शिवाय मला आवडलं.

नाना


बाल्टिमोर, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय नानाआजोबा,

गुरुप्रसाद आजोबांना सांगा, आफ्रिकेतही तो अंश आहे, थोडा. कारण माणसं परतही गेली. आणि निएंडरथल असणं हा काही मान नाही, नसणं हा काही कमीपणा नाही. तेवढं एक वाक्य लेखात वाढवा, प्लीज.

फोटो पाठवते. आईने काढलाय, घराच्या पायरीवर.

तुम्ही मार्ग काढताय हे वाचून बरं वाटलं. मला सवय नाही त्याची. इथे महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेले तेव्हा एका काकूंनी माझ्या हातात उष्ट्या प्लेटा दिल्या, त्यांना वाटलं मी केटररकडची. मी मराठीत म्हटलं, "काकू, कचऱ्याचा डबा तिकडे आहे." त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या मला पुढची तीन वर्षं टाळत राहिल्या. आईच्या बाजूचे भाऊ मला चिडवतात, आमची इंडियन आली म्हणून. ते प्रेमाने असतं. पण पोलीस गाडी थांबवतो तेव्हा कोणी टक्के विचारत नाही. तेव्हा मी नुसती काळी असते आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसते, बाबांनीच शिकवलं तसं. बाबा ते शिकवताना मला म्हणाले होते, मला हे नानांनी शिकवलेलं नाही, मला स्वतःलाच शिकावं लागलं.

पुस्तक आलं की आई आणि मी एकत्र उघडणार आहोत. तिला मराठी वाचता येत नाही, पण तिचं नाव कुठे आहे ते मी बोट ठेवून दाखवीन.

तुमची
अवंतिका


दौलतगंज, २० ऑक्टोबर २०२४

चि. अवंतिकेस खूप खूप आशीर्वाद.

झालं! दसऱ्याला प्रकाशन झालं. दोनशे माणसं आली. तुझा लेख पान पाचवर आहे, तुझं ते वाढीव वाक्यही आहे. आणि पान दोनशे सतरा उघड. केदार, आणि त्याच्याखाली तू. मी सांगितलं होतं ना!

मार्ग कसा काढला ते सांगतो. सात, आठ, नऊ हे रकाने रिकामे ठेवून गुरुप्रसाद नोंद घेईना. मग माझ्या लक्षात आलं, आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतातच. पद्माचं माहेरचं नाव मथुरा. ताटातल्या तांदळात मी अंगठीने नवं नाव लिहिलं आणि ती पद्मा झाली, तिने कधी तक्रार केली नाही. केदारचं लग्न आपल्या पद्धतीने झालं असतं तर तुझ्या आईचंही झालंच असतं. तेवढं राहिलेलं काम मी पुरं केलं. 'पत्नी: सौ. नमिता, माहेरचे आडनाव वेरेकर, मूळ गाव म्हार्दोळ, गोवा, कुलदैवत श्री म्हाळसा.' नेओमी आणि नमिता, फार लांब नाही. आणि गोव्याची माणसं सावळी असतात, कोणी काही विचारत नाही. गुरुप्रसादने एका मिनिटात सही केली.

फोटोही छान आला आहे. माधवगंजातल्या स्टुडिओवाल्याने तो कॉम्प्युटरवर साफ करून दिला. रंग जरा उजळला आणि केसही बसवले. पद्मा म्हणाली, "अगदी केदारच्या आईसारखी दिसते."

प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. माझ्या हातून या जन्मात एक तरी गोष्ट नीट झाली. मी फार आनंदात आहे, पोरी.

तुझा
नाना


बाल्टिमोर, १८ नोव्हेंबर २०२४

नानाआजोबा,

पुस्तक मिळालं. आई घरी नव्हती, म्हणून मी एकटीने उघडलं. बरं झालं.

तुमच्या पत्रातला आनंद खरा आहे हे मला दिसतंय. म्हणून मी चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

नमिता वेरेकर कोण आहे? ती कधी नव्हती. आणि जी होती, जिने तुमच्या केदारला सव्वीस वर्षं सांभाळलं, आजारपणात त्याचे पाय चेपले, त्याच्यासाठी यूट्यूबवर बघून पुरणपोळ्या केल्या आणि दर वेळी फाटल्या तरी केल्या, ती पान दोनशे सतरावर नाही. एका यादीत तिच्या माणसांचं वय आणि रंग लिहिला आणि नाव सोडलं. तुम्ही नाव लिहिलं, दुसऱ्याचं, आणि रंगही पुसला. त्या यादी करणाऱ्याला निदान तिच्या माणसांबद्दल प्रेम नव्हतं. तुम्ही प्रेमाने केलंत. मला कळत नाही मी याचं काय करू.

पद्माआजीला तुम्ही विचारलं होतं का, की मथुरा गेल्याचं तिला काय वाटलं? तक्रार केली नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे.

आणि तो फोटो. तो माझा नाही. ती कोणी मुलगी आहे, चांगली आहे, पण मी रस्त्यात तिला ओळखणार नाही. पान पाचवर मी लिहिलंय की सगळी माणसं मिसळलेली आहेत, आणि पान दोनशे सतरावर मला धुऊन काढलंय. एकाच पुस्तकात.

तुम्ही मुद्रितशोधक होता. पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र काढतात हे तुम्हीच जाणता. एक ओळ काढा. 'पृष्ठ २१७: सौ. नमिता वेरेकर ऐवजी नेओमी व्हिटफील्ड असे वाचावे.' गाव, दैवत काही नको. मला रागावून तुम्हाला सोडायचं नाही. बाबांनीही सोडलं नव्हतं. म्हणून मागते आहे.

अवंतिका


दौलतगंज, २२ डिसेंबर २०२४

चि. अवंतिका,

तुझं पत्र पद्माने वाचून दाखवलं. म्हणजे माझ्या कानाशी ओरडून. तुझ्या त्या प्रश्नापाशी आल्यावर ती थांबली. मी विचारलं, "वाटलं होतं का काही?" ती म्हणाली, "पन्नास वर्षांनी विचारताय?" आणि आत गेली. 

मग मी समितीत गेलो. या वेळी 'सहज' म्हणालो नाही. सगळं सांगितलं. नेओमी कोण, आयझॅक कोण, ती यादी काय होती, मी खोटी नोंद कशी केली. तुझा पहिला, खरा फोटो टेबलावर ठेवला. म्हणालो, चूक संपादकाची आहे, शुद्धिपत्र काढा.

गुरुप्रसाद ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. त्याने शांतपणे कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं. "नाना, तुम्ही आम्हाला फसवलं. आता खरं तेच छापू. आपल्या रीतीने लग्नच झालं नाही, तर पत्नी कशी?" सात जण होते. मी सोडून सहा हात वर गेले. त्यात एक डॉक्टर आहे, एक निवृत्त न्यायाधीश आहे. जाताना न्यायाधीश माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी मोठ्याने म्हणाला, लेख मात्र उत्तम होता.

शुद्धिपत्र निघालं. तू मागितलंस ते नाही. एक सोबत ठेवतो, मजकूर असा:

'पृष्ठ ५ ते ६: लेख अनवधानाने समाविष्ट झाला आहे. पृष्ठ २१७, ओळी ९ ते १३ वगळाव्यात. केदार: अविवाहित.'

तुला वाटेल म्हाताऱ्याने मग राजीनामा दिला असेल. दिला. तो त्यांनी घेतला आणि म्हणाले, जाण्याआधी शुद्धिपत्रं तेवढी चिकटवून द्या, अडीचशे प्रती शिल्लक आहेत, तुमच्याइतकं सरळ कोणाला चिकटवता येत नाही. आणि अवंतिका, मी चिकटवली. तीन दुपारी बसून. पहिल्या दुपारी स्वतःला म्हणालो, निदान मी ती पानं पुन्हा बघेन. दुसऱ्या दुपारी हात आपोआप चालू लागला. तिसऱ्या दुपारी एक प्रत वाकडी लागली तर मी ती सोडवून पुन्हा सरळ लावली. असा माणूस आहे मी. तुला माझ्याबद्दल काही चांगलं वाटत असेल तर ते आता काढून टाक.

क्षमा मागत नाही. मागायची लायकी नाही.

भालचंद्र


बाल्टिमोर, १९ जानेवारी २०२५

नानाआजोबा,

पत्र मिळालं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण पत्राला उत्तर न येणं बाबांनी किती वर्षं सहन केलं ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते. यानंतर लिहिणार नाही.

मी शुद्धिपत्र माझ्या प्रतीत चिकटवलेलं नाही. चिकटवलं नाही तर आई नमिता वेरेकर राहते, चिकटवलं तर मी राहत नाही आणि बाबा जन्मभर एकटे होते असं होतं. यातलं काय निवडायचं हे मी तीन आठवडे विचार करत होते. मग पुस्तक प्रयोगशाळेत नेलं आणि माझ्या कपाटात खाली ठेवून कुलूप लावलं.

आई रोज विचारते, ग्वाल्हेरचं पुस्तक आलं का. काल मी सांगितलं, टपालात गहाळ झालं.  ती म्हणाली, त्यांना लिही, दुसरी प्रत पाठवा म्हणावं.

अवंतिका